ती नाचते, पण करते काय?



गेल्या महिन्यात टेक्सासमधल्या एका ताईंचा ईमेल आला. त्यांची मुलगी बारा वर्षांची आहे, चार वर्षं बॅले शिकतेय. आता तिच्या बाई म्हणताहेत की हिच्यात दम आहे, आठवड्याचे तास वाढवा, उन्हाळ्यात बाहेरच्या शिबिराला पाठवा. ताईंनी लिहिलंय, "तुम्ही एका भागात ओझरतं म्हणाला होतात की तुमची मुलगी बॅले कंपनीत आहे. आम्हाला यातलं काहीच कळत नाही. पुढे काय असतं? पोट भरतं का त्यावर?"

मी उत्तर लिहायला बसलो. चार ओळी लिहिल्या, पुसल्या, परत लिहिल्या. शेवटी बायको म्हणाली, "अरे, माईकसमोर बस आणि बोल. आणि बोलणारच असशील तर पायाचंही बोल." त्या पायाकडे येतोच.

आधी दोन गोष्टी सांगून टाकतो. मी नाचणारा नाही. मी पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर आहे, हे नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे. बॅलेतलं मला जे कळतं ते पार्किंग लॉटमध्ये बसून, बिलं भरून आणि सुई-दोरा हातात घेऊन कळलेलं आहे. दुसरं, मुलगी ज्या शाळेत शिकली आणि ज्या कंपनीत आहे त्यांची नावं मी घेणार नाही, शहराचंही नाही. हे जग फार छोटं आहे आणि तिला अजून त्यातच राहायचंय.

तर आमच्या नातेवाईकांचा ठरलेला प्रश्न. भारतात गेलो की कुणीतरी विचारतं, मुलगी काय करते? आम्ही सांगतो, बॅले डान्सर आहे. "हो हो, नाचते ते कळलं, पण करते काय?" पहिली काही वर्षं मला राग यायचा. आता वाटतं, प्रश्न बरोबर आहे, उत्तर द्यायला वेळ लागतो इतकंच.

अमेरिकेत बॅले म्हटलं की लोकांना न्यूयॉर्क आठवतं. तिथे न्यूयॉर्क सिटी बॅले आणि अमेरिकन बॅले थिएटर या दोन बड्या कंपन्या आहेत. पण बहुतेक नर्तक काम करतात ते बाहेर, देशभर पसरलेल्या कंपन्यांत. त्यांना 'रीजनल' म्हणायची पद्धत पडली. सिअ‍ॅटल, बॉस्टन, ह्यूस्टन इथल्या कंपन्या आता इतक्या मोठ्या झाल्यात की त्यांना तो शब्द शोभत नाही. पण त्यांच्या खालीही शहराशहरांत वीस-तीस-चाळीस नर्तकांच्या कंपन्या आहेत. त्यांची सुरुवात कशी झाली ते मला फार आवडतं. अटलांटात डोरोथी अलेक्झांडर नावाच्या शिक्षिकेने १९२९ साली आपल्या विद्यार्थिनींना घेऊन मंडळी उभी केली, तीच पुढे अटलांटा बॅले झाली. ओहायोत डेटनमध्ये श्वार्त्झ भगिनींनी १९३७ मध्ये तेच केलं. १९५६ मध्ये अटलांटात अशा कंपन्यांचा पहिला रीजनल महोत्सव भरला. म्हणजे गावातल्या नृत्यशिक्षिका, त्यांच्या शिकवलेल्या मुली, आणि त्या मुलींना उभं राहायला रंगमंच हवा म्हणून काढलेली कंपनी. १९६३ मध्ये फोर्ड फाउंडेशनने बॅलेला सत्त्याहत्तर लाख डॉलरच्या वर पैसे दिले. त्यातला मोठा हिस्सा न्यूयॉर्कला गेला, तरी बॉस्टन, फिलाडेल्फिया, ह्यूस्टन अशा ठिकाणीही थोडा पोचला आणि नर्तकांना पगार देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या.

आधी शाळा आणि मग कंपनी, हा क्रम लक्षात ठेवा ताई. आजही कंपनीला लागून शाळा असते, आणि त्या शाळेची फी हा कंपनीच्या मिळकतीचा चांगला मोठा भाग असतो. तुमच्या मुलीच्या बाई खरंच चांगल्या असतील, तिच्यात दमही असेल. पण "तास वाढवा" असं जे म्हणतात त्यांचंच बिलही येतं, एवढं ध्यानात असू द्या.

आमची मुलगी २००९ मध्ये गेली, आठ वर्षांची असताना. शेजारची मैत्रीण जायची म्हणून. पहिल्या दिवशी मी काचेतून बघितलं: भिंतीला लाकडी बार, तो धरून पंधरा मुली गुडघ्यात वाकताहेत आणि सरळ होताहेत. याला 'प्लिये' म्हणतात. मला वाटलं आजचा पहिला धडा असेल. सोळा वर्षं झाली, अजून तिचा दिवस त्याच प्लियेने सुरू होतो. कंपनीतली पस्तिशीची मुख्य नर्तिकासुद्धा सकाळी त्याच बारला येऊन तेच करते. मग 'तांदू', म्हणजे पाय जमिनीवरून घासत पुढे नेऊन ताणायचा. मग हळूहळू वर, मोठं, वेगात, मग बार सोडून मधे, आणि शेवटी उड्या. क्रम बदलत नाही. गवई कितीही मोठा झाला तरी सकाळी खर्जात षड्ज लावतो ना, तसंच ते आहे. फरक एवढाच की गवयाला कुणी सांगत नाही, तुझ्या गळ्याची हाडं चुकीच्या मापाची आहेत.

इथे सांगतात. मांडी खुब्यातून किती बाहेर वळते, पायाची कमान किती आहे, मान किती लांब आहे, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलींचं बघतात. आणि रंगाचं म्हणाल तर कुणी बोललं नाही. पण टाईट्स गुलाबी, शूज गुलाबी, कारण ते पायाच्या कातडीचा भाग दिसावेत अशी कल्पना. कुणाच्या कातडीचा? आमची लेक आपल्यासारखी सावळी. हार्लेमच्या डान्स थिएटरने १९७४ पासूनच नर्तकांच्या रंगाचे टाईट्स आणि शूज वापरायला सुरुवात केली होती, पण आमच्या शाळेपर्यंत ते पोचायला चाळीस वर्षांच्या वर गेली. फ्रीड ही लंडनची नावाजलेली कंपनी. तिने 'बॅलेट ब्लॅक' या मंडळीबरोबर तपकिरी रंगाचे पॉइंट शूज काढले ते २०१८ मध्ये. त्याआधी बायको स्पंजने शूजना फाउंडेशन लावत बसायची. एक बाटली शूजला, एक स्वतःला, असा महिन्याचा हिशेब.

शूजचं आणखी थोडं सांगतो, कारण ते माझं खातं आहे. मला वाटायचं पॉइंट शूजच्या टोकात लाकूड असतं. नसतं. कापड, कागद, पुठ्ठा आणि खळ, एवढंच. खळ सुकून कडक होते आणि त्यावर मुलगी उभी राहते. घामाने खळ मऊ झाली की शूज मेला. फ्रीडचे शूज हाताने बनवतात आणि प्रत्येक कारागिराची तळव्यावर एक खूण असते. नर्तकी आपला कारागीर धरून ठेवते, आपल्याकडे तबलजी आपला पुडी लावणारा धरून ठेवतो तसा. नवे शूज आणले की आधी मोडायचे: दाराच्या फटीत दाबायचे, पायरीवर आपटायचे, तळवा खरवडायचा. शंभर डॉलरची वस्तू घरी आणून आपटताना पहिल्यांदा माझा जीव गेला होता. मग रिबिनी आणि इलॅस्टिक शिवायचं. दोरा तुटतो, म्हणून डेंटल फ्लॉसने शिवतात. ते काम मी करायचो. पार्किंग लॉटमध्ये, गाडीतला दिवा लावून. चौदाव्या वर्षी आठवड्याचे सहा दिवस, वीस तास होते. तेवढे तास मी गाडीत. शूज कंपनी देते, पण ती पगारी नर्तक झाल्यावर. तोवर ते तुमचे. लेक अठरा वर्षांची असताना आठवड्याला दोन जोड जायचे.

आता थोडं विषयांतर. मी मूळचा नारायणगावचा. पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. आमच्या घरचे त्या बाजूला फिरकू द्यायचे नाहीत, म्हणून आम्ही पोरं हमखास जायचो. मुलीने बॅले मनावर घेतलंय असं मी आईला फोनवर सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "पोरीला फडात घातलीस होय रे?" मी तिला समजावत बसलो, की आई, हे तसं नाही, हे ऑर्केस्ट्रा, झुंबरं, लोक सूट घालून येतात. पुढे लेकीचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट हातात आलं तेव्हा आईची आठवण झाली. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. कलाकार हंगामापुरता बांधलेला, मधले पावसाळ्याचे महिने त्याचे त्याने काढायचे, त्यासाठी फडमालकाकडून उचल घ्यायची. लेकीचं कॉन्ट्रॅक्ट चौतीस आठवड्यांचं होतं. उरलेले अठरा आठवडे तिचे तिने बघायचे. उचलीऐवजी बेकारभत्ता. पण तमाशात निदान सगळ्यांना माहीत असतं की हे असंच आहे.

नारायणगावचा म्हटल्यावर विठाबाईंची गोष्ट येणारच. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. दिवस भरलेले असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, वगात कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि परत येऊन नाचल्या, असं आमच्याकडे सांगतात. मी ही गोष्ट लेकीला ती दहा वर्षांची असताना सांगितली. नंतरही खूपदा सांगितली. परीक्षेच्या आधी, शोच्या आधी, ताप असताना. मला अभिमान होता ना.

बरं, शिडी कशी असते ते सांगतो.

तेराव्या-चौदाव्या वर्षापासून उन्हाळी शिबिरं, 'समर इंटेन्सिव्ह'. जानेवारीत मोठ्या कंपन्यांच्या शाळांची माणसं शहरोशहरी फिरून निवड करतात. छातीवर नंबरची चिठ्ठी लावून शंभर मुली एका खोलीत. निवड झाली तर पाच आठवडे, आणि आम्हाला राहण्या-जेवणासकट ते पाच हजार डॉलरच्या वर जायचं. मुलगे कमी येतात, त्यामुळे त्यांना शिष्यवृत्ती लवकर मिळते. आणि मुलगा उशिरा आला तरी चालतं. मुंबईच्या मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह यांचं तुम्ही वाचलं असेल, टॅक्सीचालकाचा मुलगा आणि वेल्डरचा मुलगा. येहुदा माओर यांच्या हाताखाली दोघं तयार झाले. अमिरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला, मनीष ओरेगन बॅले थिएटरच्या शाळेत शिकून आला. त्यांच्यावरचा 'ये बॅले' २०२० च्या फेब्रुवारीत आला तेव्हा आम्ही तिघांनी बघितला. लेक हसत म्हणाली, "बाबा, मुलगी असती तर सतराव्या वर्षी सुरुवात करणारीला कुणी दारात उभं केलं नसतं." खरंय ते.

अठराव्या वर्षी खरा प्रश्न येतो. मैत्रिणी कॉलेजात जातात. बॅलेवाल्या मुली 'ट्रेनी' होतात. ट्रेनी म्हणजे कंपनीबरोबर तालीम करायची, कंपनीच्या शोमध्ये मागच्या रांगेत नाचायचं, आणि पगार शून्य. काही ठिकाणी वर फी द्यायची. आमची लेक २०१९ मध्ये ट्रेनी झाली, तेव्हा तिकीट काढून आलेल्या दोन हजार लोकांसमोर ती नाचत होती आणि त्यासाठी मी कंपनीला पैसे देत होतो. दोनदा वाचा हे वाक्य. म्हणजे ऐका. बायकोने त्याच वेळी म्हटलं होतं, हे आपल्याला परवडतं म्हणून ती इथे आहे, हिच्याहून चांगली एखादी परवडत नाही म्हणून नाही.

पुढची पायरी 'सेकंड कंपनी', तिथे थोडा हातखर्च. मग 'अप्रेंटिस', तिथे पहिल्यांदा पगार. मग 'कोर द बॅले', म्हणजे समूहातली नर्तिका. मग सोलोइस्ट, मग प्रिन्सिपल. बहुतेक जणी कोरमध्येच करिअर काढतात, आणि ते अपयश नाही, पण हे बाहेरच्यांना पटवणं कठीण. मध्ये २०२० आलं, थिएटरं बंद. लेक आमच्या बेसमेंटमध्ये वाणसामानाचं शेल्फ धरून प्लिये करायची. वरची झाकणं खडखडायची. २०२२ मध्ये ती अप्रेंटिस झाली, आठवड्याला साडेचारशे डॉलर. तिच्या कंपनीत युनियन आहे, अमेरिकन गिल्ड ऑफ म्युझिकल आर्टिस्ट्स. त्यामुळे दर तासाला पाच मिनिटांची सुट्टी, शूज कंपनीचे, अप्रेंटिस किती वर्षं ठेवायचं यावर मर्यादा. युनियन नसलेल्या ठिकाणी यातलं काय मिळतं ते आधी विचारावं लागतं.

दिवस कसा असतो? साडेनऊला क्लास, दीड तास. मग संध्याकाळी सहापर्यंत तालमी, एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या कामांच्या. डोक्यात पाच बॅले पाठ असतात, आणि दुसरीच्या जागाही पाठ, कारण कोण कधी पडेल सांगता येत नाही. डिसेंबर म्हणजे 'नटक्रॅकर'. मूळ रशियातला, १८९२ चा, तेव्हा फारसा चालला नव्हता. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोने १९४४ मध्ये पहिल्यांदा पूर्ण केला, १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बॅलन्चिनने केला, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या कंपन्या त्यावर जगतात. गावातली शंभर मुलं उंदीर आणि देवदूत होतात, त्यांचे आजी-आजोबा तिकिटं काढतात, त्या पैशांत वसंतातला अवघड प्रयोग उभा राहतो. आमची लेक आधी उंदीर होती, मग हिमकण, मग फूल. आणि दुसऱ्या अंकात 'कॉफी' नावाचा अरबी नाच असतो, तिथे तिची वर्णी न मागता लागली. तीन वर्षं ओळीने. का, ते आम्हाला कळलं, तिलाही कळलं. पुढे तिने स्वतःच सांगितलं की मला यंदा दुसरं काहीतरी द्या.

आता पाय.

दरवर्षी मार्चच्या सुमाराला पत्र येतं. पुढच्या हंगामाला तुम्हाला घेतलंय की नाही, एवढंच त्यात असतं. सगळ्यांना, मुख्य नर्तिकेलासुद्धा. त्यामुळे जानेवारी ते मार्च कुणी आजारी पडत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत 'स्वान लेक' होतं. सोळा हंसिणी ओळीत, सगळ्यांची मान एकाच कोनात. एक जरी कमी झाली तरी ओळ नव्याने बांधावी लागते, आणि जिच्यामुळे बांधावी लागली तिचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं. लेकीचा डावा पाय जानेवारीपासून दुखत होता. तिने टेप लावला, गोळ्या घेतल्या, आठ प्रयोग केले. आम्ही दोन प्रयोगांना होतो. मी दुसऱ्या रांगेतून बघितलं आणि मला काही दिसलं नाही. स्टीलच्या तुळईला वेल्डजवळ थकव्याचा केसाएवढा तडा गेला असेल तर तो शोधायचे मला पैसे मिळतात.

मार्चमध्ये पत्र आलं, घेतलं होतं. तिने सही करून पाठवलं. एप्रिलमध्ये चार दिवस घरी आली. सकाळी मी चहा करत होतो आणि ती जिना उतरत होती, एका वेळी एक पायरी, कठड्याला धरून. माझी आई उतरायची तशी.

एमआरआय निघाला. पावलातलं दुसरं लांब हाड, मेटाटार्सल, त्याच्या मुळाशी स्ट्रेस फ्रॅक्चर. नर्तकांचं नेहमीचं दुखणं, डॉक्टरीण बाई म्हणाल्या. मग त्यांनी लेकीला विचारलं, शेवटची पाळी कधी आली? मी खोलीतच होतो. लेकीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "अकरा महिने झाले." बायकोला सात माहीत होते. मला एकही नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. शरीराला लागते त्याहून कमी ऊर्जा मिळत राहिली की ते एकेक खातं बंद करत जातं. आधी पाळी, मग हाडांची डागडुजी. हाडं रोज थोडी मोडतात आणि भरतात, ते भरणं थांबतं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने याला 'रेड-एस' असं नाव दिलं. ती उपाशी राहत नव्हती, आमच्यासमोर जेवत होती. पण शरद ऋतूत कंपनीतल्या एका ज्येष्ठ माणसाने तालमीत तिला म्हटलं होतं, "तू आणखी थोडी लांब दिसायला हवीस." उंची एकवीस वर्षांची झाल्यावर वाढत नाही. या वाक्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकीला कळतो. त्या माणसाने वजन हा शब्द उच्चारलेला नाही, आणि दुखणं लपव असंही तिला कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीत फिजिओथेरपिस्ट यायची, आठवड्यातून तीनदा. कामावर झालेल्या दुखापतीची भरपाईही अप्रेंटिसला मिळते, ट्रेनीला नाही. सगळं कागदावर होतं. ती त्या दारापर्यंत गेली नाही.

गाडीत मी चिडलो. म्हटलं, अगं, कुणाला तरी सांगायचंस. हाड मोडेपर्यंत नाचतं का कुणी? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, विठाबाईंची गोष्ट तूच सांगायचास ना."

त्यात टोमणा नव्हता, हो. तिला खरंच वाटत होतं की मी खूश होईन.

विठाबाईंच्या गोष्टीला मी लहानपणापासून टाळ्या वाजवत आलो. त्या रात्री त्या परत बोर्डावर का गेल्या, न जाऊन त्यांना चाललं असतं का, फडातल्या पन्नास माणसांची चूल कशावर पेटत होती, हे मी पन्नाशी ओलांडेपर्यंत स्वतःला विचारलं नव्हतं.

पुढे सहा आठवडे बूट, मग पाण्यात व्यायाम, आहारतज्ज्ञ, हाडांची घनता मोजणं. पाळी ऑगस्टमध्ये आली. बायकोने मला ऑफिसात मेसेज केला, नुसता एक लाडूचा इमोजी. डिसेंबरमध्ये लेक हिमकण म्हणून परत उभी राहिली, २०२४ मध्ये कोरमध्ये आली. आता ती चोवीस वर्षांची आहे. पाय दुखला की फिजिओकडे जाते आणि वर मला कळवते, तेही जरा चढ्या आवाजात.

पोट भरतं का? ताई, चौतीस आठवडे कसंबसं भरतं. उरलेले आठवडे ती लहान मुलींना शिकवते, एका बेकरीत काम करते, आणि फोनचं बिल अजून आमच्या प्लॅनवर आहे. पस्तिशीच्या आसपास बहुतेक जणी थांबतात. पुढचं बघायची सोय आता थोडी आहे: सिअ‍ॅटलच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅलेने १९९९ मध्ये 'सेकंड स्टेज' नावाचा कार्यक्रम काढला, नर्तकांनी नाचत असतानाच पुढचं शिक्षण घ्यावं म्हणून. कॅलिफोर्नियात सेंट मेरीज कॉलेजात नर्तकांसाठी 'लीप' नावाचा पदवी अभ्यासक्रमही त्याच साली सुरू झाला. आमची लेक एका वेळी एक विषय घेऊन ऑनलाइन कॉलेज करते. शरीरशास्त्र घेतलंय. हाडांचा धडा आला तेव्हा तिने मला फोटो पाठवला, दुसऱ्या मेटाटार्सलवर बाण काढून.

बारा वर्षांच्या मुलीला थांबवा असं मी सांगणार नाही. आमची थांबली नसती, आणि ती नाचताना मी बघितलंय. पण शाळा बघायला जाल तेव्हा आरसे आणि ट्रॉफ्या नका बघू. विचारा की इथल्या ट्रेनींना पगार आहे का. विचारा की गेल्या वर्षी किती मुली दुखापतीमुळे बसल्या आणि त्यातल्या किती परत उभ्या राहिल्या. "कुणीच नाही बसलं" असं उत्तर आलं तर दुसरी शाळा बघा. आणि मुलीला पाळीचं विचारायला लाजू नका. बाबांनीसुद्धा.

सध्या तिचा नटक्रॅकर चालू आहे, पंधरा झाले, तेरा राहिलेत. पत्र मार्चमध्ये. काल रात्री शो संपल्यावर फोन आला, साडेअकराला. मी दचकून उठलो. म्हणाली, "बाबा, इथल्या दुकानात फ्लॉस संपलाय, पाठव ना. आणि मिंटवाला नको, गेल्या वेळी शूजना आठवडाभर टूथपेस्टचा वास येत होता."

तर आज दुपारी पोस्टात जायचंय. चला, भेटू पुढच्या भागात.